धोंडुबाईंचा भिंगऱ्या आणि ऑर्किडच्या नऊ कुंड्या

समोरच्या फ्लॅटची एक किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते. ती तिथं कशी आली ते आधी सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात आहे आणि तो मला झाकायचा नाही.

मी राजेश्वरी. मूळची रहिमतपूरची, पण चौतीस वर्षं सांगलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीत सगळे मला नुसतं 'बाई' म्हणतात. स्वभावानं मी चिडकी. जिन्यात चपला दिसल्या की माझं डोकं फिरतं, आणि कुत्री तर मला मुळीच आवडत नाहीत. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी समोरच्या बिरदेवानं आईला गावाहून आणलं आणि तिच्यामागून एक वासरासारखं दांडगं काळं कुत्रं लिफ्टमधून उतरलं, तेव्हा मी दार जरा जोरातच लावून घेतलं.

धोंडुबाई आटपाडीकडच्या. जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन नदीकाठाकडं यायचं, पावसाच्या तोंडाला परत फिरायचं, असं पन्नासएक वर्षं. नवरा अर्जुना गेला आणि वर्षाच्या आत त्या स्वतः तळ्याच्या बांधावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. पाच विसा आणि वर सात, म्हणजे एकशे सात मेंढरं पुतण्याच्या, कृष्णातच्या हवाली करावी लागली. बिरदेव एकुलता एक, सरकारी कचेरीत नोकरीला. "आई, आता इथं एकटी राहायचं नाही," म्हणाला. त्यांनी एकच अट घातली, भिंगऱ्या येत असंल तर येते.

भिंगऱ्या म्हणजे तेच कुत्रं. छातीवर पांढरा डाग, एक कान लांडग्यानं फाडलेला. कळपाभोवती भिंगरीसारखा फिरतो म्हणून भिंगऱ्या. त्याच्या गळ्यात लांडग्यापासून बचावाचा लोखंडी खिळ्यांचा पट्टा असायचा. लिफ्टमध्ये लोक घाबरायला लागले तसा बिरदेवानं तो काढून ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात घोटाळा झाला. दुपारी शंभर फुटी रस्त्यावरून कुणाचा तरी कळप चालला होता. तिसऱ्या मजल्यावर घंटांचा आवाज पोचला. मला नाही ऐकू आला, पण त्यांना आला. दार नुसतं ओढून घेऊन, कुत्र्याला घेऊन त्या जिन्यानं खाली गेल्या आणि घंटांमागं चालत राहिल्या. संध्याकाळी सापडल्या त्या पार मिरजेच्या पुढं, उसाच्या बांधावर बसलेल्या, पाय सुजून टम्म. डॉक्टरांनी बिरदेवाला स्पष्ट सांगितलं की पुन्हा पडल्या तर अंथरुणाला खिळतील, मग उठणं नाही.

त्यानंतर त्यांच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दार बसलं आणि त्याला कुलूप. सकाळी साडेनऊला सून पल्लवी ते लावून बँकेत जायची, संध्याकाळी साडेसहाला येऊन उघडायची. कुलूप बसवणारा माणूस गेल्यावर बिरदेव जिन्यात उभा राहून रडताना मी पाहिलाय. तेव्हाच त्यानं ही किल्ली मला दिली.

"बाई, आग लागली, पाणी तुंबलं, काही झालं तर उघडा. एरवी नको. आई गोड बोलून उघडायला लावेल."

"योग्य केलंस," मी म्हणाले. हे माझेच शब्द.

दुपारच्या वेळी मी माझ्या उंबऱ्यात खुर्ची टाकायची. त्या पलीकडं लाकडी दार उघडून जाळीला टेकून फरशीवर बसायच्या. मध्ये चार हात जिना. भिंगऱ्या कधी त्यांच्यामागं उभा, कधी सोफ्याभोवती गोल गोल फिरत असायचा. घरी पाहुणे आले की तो त्यांना हळूहळू ढोसत एका कोपऱ्यात आणायचा, आणि सगळे जवळ जवळ बसले की मगच निवांत पसरायचा. आम्ही दोघी मात्र समोरासमोर असून एका ठिकाणी येत नव्हतो. त्याचा जीव वरखाली व्हायचा. माझ्याकडं बघून कण्हायचा आणि जाळीला नाक घासायचा.

"त्येला वाटतंय तुमी कळपातनं फुटलाय," धोंडुबाई म्हणायच्या.

"मी बरी आहे इथंच," मी म्हणायची.

आता पल्लवीच्या फुलांचं सांगायला हवं. गॅलरीत तिच्या ऑर्किडच्या नऊ कुंड्या होत्या. पहाटे साडेपाचला उठून ती त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारायची, पानं पुसायची. मग डबे, कपडे, सासूच्या गोळ्या, बँक. दिवसातली तेवढी वीस मिनिटं काय ती तिची स्वतःची. पोरगी शांत होती आणि सासूला कधी उलट बोललेली मी ऐकली नाही.

धोंडुबाईंना ती फुलं मात्र पटत नव्हती.

"आवं बाई, कुंडीत मातीच न्हाई वं! कोळसं आन् नारळाची सोडणं. भुकी मारतीया पोरगी त्या झाडांस्नी."

मी माझ्या शाळेतल्या आवाजात समजावलं, की ऑर्किड मातीत वाढत नाही, जंगलात मोठ्या झाडांच्या अंगावर राहतं, हवेतली ओल मुळांनी पितं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग ऱ्हाऊ द्यायचं हुतं की झाडावर. हितं कशाला आणलं?"

मी चहा ठेवायला आत गेले.

यंदा दिवाळीनंतर कृष्णात कळप घेऊन नदीकाठाला उतरला. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रात्रभराच्या लेंड्या-मुतानं जमिनीला खत मिळतं. असा त्याचा मुक्काम सांगलीजवळ पडला आणि एका रविवारी तो काकीला भेटायला आला. मेंढीचं दूध आणलं होतं आणि एक घट्ट बांधलेली पिशवी. भिंगऱ्या अर्धा तास त्याच्या धोतराचा वास घेत राहिला, त्याला उठू देईना. कृष्णात गेला त्यानंतर कुत्र्यानं सोफ्याभोवती फिरणं सोडलं आणि तो गॅलरीत कुंड्यांमध्ये जाऊन पडायला लागला. दिवसभर तिथंच. पल्लवीला केवढा आनंद झाला. "बाई, त्याला माझी फुलं आवडायला लागली!" असं ती मला मुद्दाम सांगून गेली.

आणि जानेवारीत मी माती खाल्ली.

माझ्या मोबाइलवर एक यादी आली. 'घरातली विषारी झाडे, तुमच्या लाडक्या प्राण्याचा जीव धोक्यात.' एकवीस नावं. कुणी लिहिली, कशावरून लिहिली, काही पत्ता नाही. त्यात कण्हेर होती, डंबकेन होतं, सायकस होतं, ती खरीच विषारी. सतराव्या नंबरला ऑर्किड. मी ती सोसायटीच्या ग्रुपवर ढकलली आणि खाली माझ्या नावानिशी लिहिलं, 'सर्वांनी काळजी घ्यावी.' आमच्या कंपाउंडला सगळी कण्हेरच लावलेली आहे. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. पण विज्ञानाच्या बाईंनी पाठवलंय म्हटल्यावर यादीवर कुणी शंका घेतली नाही.

संध्याकाळी पल्लवी घाबरीघुबरी होऊन माझ्याकडं आली. मी तिच्याबरोबर पलीकडं गेले. धोंडुबाईंनी सगळं ऐकलं, उठल्या, गॅलरीत जाऊन एका ऑर्किडच्या पानाचा तुकडा तोडला आणि सरळ तोंडात टाकला.

"आई!" पल्लवी ओरडली.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. डोळे मिटून चावत राहिल्या. वीस मेंढरं मोजून होतील इतका वेळ पाला जिभेवर ठेवायचा, ही त्यांची रीत. मग त्यांनी चोथा हातावर थुंकला.

"इख न्हाई ह्यात. कडू बी न्हाई, जिभंला चुरचुरत बी न्हाई. नव्या मुलखात गेलं की नवा पाला आदी आपल्या तोंडात, मंग मेंढराच्या. सासूनं शिकवलंय मला."

"अहो, माणसाचं पोट वेगळं, कुत्र्याचं वेगळं," मी चिडून म्हणाले. "विज्ञान असं चालत नाही."

हे वाक्य चुकीचं नव्हतं. पण माझं विज्ञान तरी कुठं चाललं होतं? त्यांनी निदान पान चावून पाहिलं होतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. तरी विजय माझा झाला आणि पल्लवीनं कुंड्या लोखंडी स्टँडवर चढवल्या. भिंगऱ्या मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्यात तोंड घालायला लागला.

दहा दिवसांनी, मंगळवारी अकराच्या सुमाराला, जाळीवर पितळी तांब्या आपटल्याचा आवाज आला. मी दार उघडलं. धोंडुबाई दोन्ही हातांनी तांब्या धरून जाळीवर मारत होत्या. मागं फरशीवर भिंगऱ्या आडवा पडलेला, तोंडाला फेस, पोट दगडासारखं ताठ, उलटी येतेय पण पडत नाही.

मी किल्ली काढली आणि आधी बिरदेवाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पल्लवीला लावला. तिनंही नाही. तिसऱ्यांदा लावत होते.

"बाई, त्यो मरतुया आन् तुमी फून लावताय!"

मी फोन ठेवला आणि किल्ली फिरवली. दोन वर्षांत ते दार मी पहिल्यांदा उघडलं. धोंडुबाईंनी उंबरा ओलांडताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गुंडा नावाचा कोपऱ्यावरचा रिक्षावाला वर आला, आम्ही तिघांनी भिंगऱ्याला चादरीत घालून खाली नेलं.

दवाखाना सोनियाचा. माझीच विद्यार्थिनी, आता जनावरांची डॉक्टर. तिनं पोट चाचपलं, इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं भिंगऱ्यानं भडाभडा ओकून टाकलं. नारळाच्या सोडणाचे तुकडे, काथ्या, कोळसे. आणि त्यात काळे काळे गोळे.

सोनियानं चिमट्यानं एक उचलला. "बाई, या मेंढीच्या लेंड्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर लेंड्या?"

"ते राहू दे," मी म्हणाले. "ऑर्किडचं विष उतरेल ना?"

"ऑर्किडचं कसलं विष? ऑर्किड कुत्र्याला विषारी नसतं. खूप पानं खाल्ली तर फार तर एखादी उलटी. त्रास होतो तो कुंडीतल्या सामानाचा, खताचा, फवारणीच्या औषधाचा. हे सोडण पोटात अडकलं होतं. आणखी तासभर उशीर झाला असता तर पोट फाडावं लागलं असतं. ऑर्किड विषारी, हे सांगितलं कुणी?"

"मी. एक यादी आली होती."

ती हसली. वाईट नाही हसली, पण हसली. "तुम्ही आमच्या प्रयोगवहीवर लाल पेननं लिहायचा, पाहिलं नाही ते लिहू नये."

कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या. साठी उलटल्यावर विद्यार्थिनीसमोर मान खाली घालायची वेळ आली होती, आणि ती मी माझ्या हातानं आणली होती.

सलाइन चढत होतं तोवर मी बाहेरच्या बाकावर धोंडुबाईंशेजारी बसले. विचारायची गरज पडली नाही.

"कृष्णातनं पिसवी आणली हुती न्हवं, त्यात लेंडीखत हुतं. मीच मागितलं हुतं. येकेका कुंडीत वंजळ-वंजळ घातलं, वर सोडणं झाकली. पोरीला कळू दिलं न्हाई."

"झाडांसाठी?"

"आदी झाडांसाटीच." त्यांनी दवाखान्याच्या दाराकडं पाहिलं. "मंग पोरगी पाणी मारायची, आन् वल्या लेंड्यांचा वास सुटायचा. तुमी दुपारच्या झोपला की मी तितंच जाऊन बसायची. ह्यो बी बसायचा. डोळं मिटलं की मेंढरं शेजारी बसल्यागत वाटायचं." आणि मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "त्यो खात न्हवता वं बाई. हुडकत हुता. कुंडी उकरून मेंढरं हुडकत हुता त्यो."

मला रडू येत नाही सहसा. त्या दिवशी आलं. दोन वर्षं मी या बाईशी जाळीतून गप्पा मारल्या, तिला झाडांची मुळं समजावली, आणि ही दुपारभर ओल्या खताचा वास घेत बसते हे मला माहीत नव्हतं.

परतीच्या रिक्षात कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी सुटल्यासारखी बोलत होते. आता काही काळजी नाही, मी ग्रुपवर चूक कबूल करते, पल्लवीला सांगते, कुंड्या साफ करू, फुलंही राहतील, भिंगऱ्याही राहील.

"बाई," त्या म्हणाल्या, "त्यो तुमचा कागद खरा हाय म्हणून सांगा घरात."

"काय?"

"झाड इखारी हाय म्हणा. म्हंजी भिंगऱ्याला कृष्णातकडं धाडता येईल."

"अहो, त्याच्यासाठी तर तुम्ही जाळी बडवत होता!"

"मराया नगं हुता म्हणून बडवत हुते. हितं ऱ्हावा म्हणून न्हवं. मीच चुकले. माज्यासाटी आणला त्येला. दोन वर्सं झाली बगा, जाळीच्या आत फिरतुया."

"मग तसं सांगा ना बिरदेवाला सरळ."

"काय सांगू? तुजं घर कोंडवाडा हाय म्हणू? पोरानं लय केलंय माज्यासाटी. कुत्र्याला सोसंना म्हणलं की पोरगं इचारंल, आई, मंग तुला? त्येला काय सांगू मी?" त्यांनी भिंगऱ्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. "झाडाचं नाव घेतलं की कुणाचं काळीज दुकत न्हाई."

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हणाले. "चौतीस वर्षं पोरांना जे शिकवलं ते..."

"यादी धाडली तवा बोलला न्हवता व्हय?"

गुंडानं आरशातून मागं पाहिलं. मी तोंड बाहेर केलं.

संध्याकाळी सातला मला समोर बोलावणं आलं. बिरदेव खुर्चीत, भिंगऱ्या गोधडीवर निपचित. आणि पल्लवी गॅलरीतून एकेक कुंडी आणून फळांच्या खोक्यात ठेवत होती. रडत होती, पण हात थांबत नव्हते.

"माझ्या हौसेपायी जीव गेला असता त्याचा," ती म्हणाली. "मैत्रिणीला सांगितलंय, सकाळी घेऊन जाईल सगळ्या. आईंचा भिंगऱ्या आधी."

मी उभीच राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. खरं बोलले असते तर फुलं वाचत होती, कुत्रा राहत होता, पल्लवीचे डोळे पुसले जात होते. थोडी बोलणी धोंडुबाईंना बसली असती, तीही या घरात फार नाही. सगळं जागच्या जागी राहिलं असतं, जाळीच्या दारासकट. आणि त्या बाईला नेमकं तेच नको होतं.

"बाई, डॉक्टर काय म्हणाल्या?" बिरदेवानं विचारलं.

मी धोंडुबाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. ओल्या फडक्यानं कुत्र्याचं तोंड पुसत होत्या.

"विषारीच आहे ऑर्किड," मी म्हणाले. "या घरात दोन्ही एकत्र राहायची नाहीत."

पाहिलेलं सोडून भलतंच सांगितलं ते आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा न कळता, आता कळून.

धोंडुबाई लगेच म्हणाल्या, "मंग फुलं ऱ्हाऊ द्या. लेकरागत वाढवल्याती पोरीनं. भिंगऱ्याला कृष्णात न्हील."

"आई, तू त्याच्याशिवाय कशी राहशील?" बिरदेव म्हणाला.

"ऱ्हाईन. न ऱ्हाऊन जाते कुटं?"

बिरदेवानं खूप वाद घातला. पल्लवी तर कुंडी हातातून सोडेना. पण म्हातारीनं एकदा मान हलवली की संपलं, हे दोघांनाही माहीत होतं. खोक्यातल्या कुंड्या पुन्हा गॅलरीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडुबाई तो दुखरा पाय ओढत एकेक कुंडी जाळीशी घेऊन आल्या आणि सोडणं बाजूला करून लेंड्या वेचायला लागल्या. काही मुळं काळी पडली होती. ऑर्किडला ते खत सोसलं नव्हतं, त्यातल्या दोन पुढं मेल्याच. वेचलेल्या लेंड्या त्यांनी फेकल्या नाहीत. मूठभर सुकवल्या आणि पानसुपारीच्या चंचीत बांधल्या. मी जाळीच्या बाहेर खुर्चीत बसून हे सगळं पाहिलं.

रविवारी बिरदेवाच्या गाडीतून आम्ही सगळे अंकलीच्या बाजूला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच चढून बसले. ऊस तुटलेल्या काळ्या रानात कृष्णातचा कळप पांगला होता. गाडी थांबली तसा भिंगऱ्या थरथरायला लागला. धोंडुबाईंनी पिशवीतून तो खिळ्यांचा पट्टा काढला, त्याच्या गळ्यात बांधला, बंद दोनदा ओढून पाहिला आणि दार उघडलं.

आजारातून उठलेलं कुत्रं ते, पण काय पळालं! एका दमात रान ओलांडलं, कळपाला एक फेर घातला, दुसरा घातला, बांधावर गेलेली चार मेंढरं ढोसत आत आणली. बिरदेवानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. भिंगऱ्यानं वळूनही पाहिलं नाही.

"बोलवू नगंस," धोंडुबाई म्हणाल्या. "कामावर हाय त्यो."

रान उंचसखल होतं म्हणून त्यांना खाली उतरू दिलं नाही. गाडीच्या उघड्या दारातून पाय बाहेर सोडून त्या अर्धा तास बसल्या. मग म्हणाल्या, "चला, पोरीला सैपाक हाय."

पुढं दीडएक महिना गेला. दुपारच्या गप्पा कमी झाल्या. त्या जाळीशी येऊन बसायच्या, पण बोलायच्या थोडं. मी काही विचारलं की 'व्हय' किंवा 'न्हाई.' पलीकडं आता कुणी कण्हत नव्हतं. मी कधी कळपातनं फुटले होते याची आठवण काढणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मला ते कुत्रं आठवायचं, हेही कबूल करते.

मार्चमध्ये एका संध्याकाळी पल्लवी बँकेतून आली ती जिन्यातच मला हाका मारत. हातात मोबाइल. चेहरा असा फुललेला की मी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमची यादी चुकीची होती! हे बघा, जनावरांच्या डॉक्टरांनीच लिहिलंय, ऑर्किड कुत्र्यांना चालतं. अजिबात विषारी नाही. दुसऱ्याच कशानं तरी झालं असणार त्याला." तिनं धावत जाऊन जाळीचं कुलूप काढलं. "आई, भिंगऱ्याला परत आणू या! या रविवारीच आणू!"

धोंडुबाई भिंत धरून उठल्या. "नगं," त्या म्हणाल्या.

"पण आई, आता धोका नाही ना कसला. झाडाचा धोका नव्हताच."

"झाडाचा न्हवताच, बाळ."

पल्लवीचं हसू लगेच नाही गेलं. ते सावकाश गेलं. तिनं सासूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कुठं पाहावं ते न कळून माझ्या दारामागच्या खिळ्याकडं पाहिलं. तिच्या हातात ते काढलेलं कुलूप तसंच होतं.

"मग आई, तुम्हालाही..." एवढंच म्हणाली ती. धोंडुबाई वाळलेले कपडे घडी करायला आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बिरदेव आधी गेला. मी माझ्या बंद दाराच्या आत उभी होते, दाराच्या भोकाला डोळा लावून. जाळी ओढल्याचा आवाज आला. त्यामागोमाग रोज खट् करून कुलूप लागतं. त्या दिवशी लागलं नाही. पल्लवी कुलूप हातात धरून उभी राहिली. खांद्यावरची पर्स घसरून कोपरात आली तरी तिला भान नव्हतं. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, गेली.

आतून धोंडुबाई म्हणाल्या, "लाव, बाळ. उशीर हुईल तुला."

मग कुलूप लागलं.

मी खिळ्यावरची किल्ली काढून हातात घेतली. पल्लवीची पावलं जिन्यानं पार खाली जाईपर्यंत घट्ट धरून ठेवली. पलीकडं लाकडी दार उघडं होतं आणि जाळीशी त्या येऊन बसलेल्या मला दिसत होत्या, मांडीवर चंची. बराच वेळ मी तशीच उभी होते. मग किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली.